डिशवरची चादर

नवरात्र संपल्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर डिश बसवण्यात आली. त्याच दुपारी आईने तिच्यावर जुनी सोलापुरी चादर टाकली. केबलची जोडणी तोडण्यात आली नाही.

या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या. ते कारण म्हणजे केबलवाले मामा.

आमचे घर अक्कलकोट रोडला मिळणाऱ्या एका गल्लीत आहे. घरात तेव्हा आम्ही तिघे होतो. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. मी एका दैनिकाच्या शहर कार्यालयात बातम्या तपासण्याचे काम करत होतो. आई अक्कलकोटपलीकडच्या एका गावची. तिच्या माहेरी कन्नड बोलत. तिला एकच भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला होता.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आई बरीच वर्षे त्या दिवशी दिवेलागणीला ताट घेऊन गच्चीवर जात असे. बीजेचा चंद्र बारीक असतो आणि लवकर मावळतो, त्यामुळे तिची धावपळ होई. “थांब की जरा,” असे ती चंद्राला दरडावताना मी लहानपणी ऐकले आहे.

केबलवाले मामा त्या काळी मामा नव्हते, नुसते केबलवाले होते. गल्लीत पहिली वायर त्यांनीच ओढली. वायर लावत असताना त्यांनी आईला फोनवर कन्नड बोलताना ऐकले आणि शिडीवरूनच विचारले, “अक्का, ऊट आयता?” जेवण झाले का, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून आई त्यांची अक्का झाली. पण ते बोलण्यापुरते होते.

नाते पक्के झाले ते एका भाऊबीजेला. ते महिन्याचे पैसे मागायला संध्याकाळी आले. आभाळ भरून आले होते आणि चंद्र दिसत नव्हता. आई ताट घेऊन गच्चीवर दोनदा जाऊन परत आली होती. दारात केबलवाले उभे होते.

“चप्पल काढ आणि आत ये,” आई म्हणाली.

“नको अक्का, पैसे तेवढे द्या, अजून अर्धी गल्ली राहिलीय.”

“पैसे देते. आधी पाटावर बस.”

ते बसले. वडिलांनी पैसे आणून त्यांच्या हातात दिले. आईने ओवाळले. ओवाळणी टाकायची वेळ आली तेव्हा मामांच्या हातात तेवढेच पैसे होते. त्यांनी ते ताटात टाकले आणि पावती फाडून वडिलांना दिली.

वडील ही हकिकत पुढे अनेकांना सांगत. “माझेच पैसे, माझ्याच ताटात. आणि वर पावती माझ्या नावाची.”

त्या वर्षापासून मामा दर भाऊबीजेला आले. चंद्राकडचे काम थांबले. मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि ते वडिलांना दाजी. वडिलांची तक्रार अशी होती की मेव्हण्याला दर महिन्याला पैसे मोजणारा सोलापूर जिल्ह्यातला तो एकमेव दाजी आहे.

पुढे गल्ली वाढली. घरे वाढली तशी वायर लांबली आणि शेवटच्या घरांपर्यंत चित्र नीट पोचेना. मध्ये कुठेतरी चित्राला जोर देणारी पेटी बसवावी लागणार होती. तिला लागणारी वीज ज्याच्या घरातून घ्यायची त्याला केबल फुकट, असा या धंद्यातला रिवाज आहे. मामांनी आमचा जिना पसंत केला आणि तसे आईला सांगितले. आईला राग आला.

“भावाला चार पैशांची लाईट दिली म्हणून मी भाडं घेऊ? पेटी लाव. पैसे दर महिन्याला घेऊन जात जा.”

पेटी लागली. जिन्यातल्या फळीवर तिसरे बटण आले. संपूर्ण गल्लीचे चित्र आमच्या जिन्यातून पुढे जाऊ लागले. वीज वडील भरत होते आणि केबलचे पैसेही वडीलच भरत होते. त्यांनी आईसमोर हा विषय पुन्हा काढला नाही. माझ्यासमोर काढला.

वडिलांचे मत मात्र फिरले ते एका टेंपोमुळे. एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी भरून निघालेले टेंपो हमरस्त्यावर गर्दी असली की आमच्या गल्लीतून जातात. गाठी उंच रचलेल्या असतात आणि वायरी खाली आलेल्या असतात. टेंपो गेला की केबल जाते. त्या दिवशी भारताचा सामना होता, शेवटचे षटक होते आणि वडील खुर्चीच्या टोकावर आले होते. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. पडद्यावर निळा रंग आला. सामन्याचे काय झाले ते वडिलांना रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला विचारावे लागले. भारत हरला होता. वडिलांनी त्याचाही दोष केबलला दिला.

मामा आले, तुटलेली टोके सोलून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली आणि चहा पिऊन गेले. ते गेल्यावर वडील माझ्याकडे वळून म्हणाले, “तू पेपरात हायस. डिश बरी का केबल, दोन्ही बाजू नीट काढ आणि सांग मला.”

मी दोन्ही बाजू काढल्या. केबलवर चित्र वायरीने येते, म्हणून गल्लीत काय घडते यावर ते अवलंबून असते. डिशवर ते आकाशातून येते, म्हणून आकाशात काय घडते यावर. केबलवर आईच्या कन्नड मालिका आपोआप येतात. डिशवर कन्नडचा संच वेगळा घ्यावा लागतो. केबलवर गावातले एक स्थानिक चॅनेल दिसते, त्याच्या खालच्या पट्टीत कोणत्या भागाला पाणी कधी सुटणार ते येते. डिशवर ते येत नाही. डिशवर चित्र जास्त स्वच्छ असते.

वडिलांनी शेवटचे वाक्य तेवढे घेतले.

डिशच्या दुकानातला विक्रेता घरी आला तेव्हा वडिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला. डिश बंद कधी पडते?

“खोटं सांगत नाही काका, लई जोराचा पाऊस झाला तर जाते थोडा वेळ.”

“पाऊस?” वडील म्हणाले. “सोलापुरात? मग हिला काय मरण न्हाय.”

आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. विक्रेता गेल्यावर ती बाहेर आली. भांडण होईल अशी माझी अपेक्षा होती. झाले नाही. ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली.

“केबल तोडली तर तो यायचा कशाला?” ती म्हणाली.

“कोण?”

“कोण म्हणजे? दिवाळी आलीय तोंडावर.”

“अगं, भाऊ हाय ना तो तुझा? भाऊ काय वायरीनं बांधलाय का?”

“वायरीनंच बांधलाय,” आई म्हणाली. “वायर घेऊनच आला होता की तो.”

मग आईने अट घातली. डिश बसवायची तर बसवा, पण भाऊबीज होईपर्यंत त्याला कळता कामा नये. भाऊबीज झाली की दाजीने स्वतः जाऊन मेव्हण्याला सांगायचे. तोपर्यंत केबल चालू राहील. “यंदा मला गच्चीवर ताट घेऊन जायचं नाही,” ती म्हणाली. “गुडघे दुखतात.”

गुडघ्यांचा उल्लेख तिने त्याआधी केला नव्हता आणि त्यानंतरही केला नाही.

अशा रीतीने रविवारी डिश बसली. मामांच्या वायरी गच्च्यांवरून गेलेल्या असल्याने ते कधीही कोणत्याही गच्चीवर चढत. म्हणून चादर. घरात होती त्यातली सर्वांत जाड, किरमिजी रंगाची, काठावर मोर विणलेली. लांबून पाहिले तर गच्चीवर कोणीतरी पांघरूण घेऊन उकिडवे बसल्यासारखे दिसे. टीव्हीला एक नंबरवर डिश आणि दोन नंबरवर केबल जोडली. मामांच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ज्याच्या हातात रिमोट असेल त्याने दोन नंबर लावायचा, असे ठरले.

कोरडी चादर असताना चित्र येत होते. मंगळवारी परतीच्या पावसाची सर आली. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे डिश गेली. पाऊस थांबला, ऊन पडले, तरी ती आली नाही. वडिलांनी कंपनीला फोन लावला. फोनवर एक मुलगी होती. वडिलांनी आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

“सर, डिशच्या समोर काही अडथळा आहे का? झाड, भिंत?”

“झाड न्हाय. चादर हाय.”

“सॉरी सर, काय आहे?”

“चादर. वरनं टाकलीय.”

“कसली चादर, सर?”

“सोलापुरी.”

“सर, ती काढून बघता का प्लीज?”

“काढता येणार न्हाय. घरगुती कारण हाय.”

मुलीने तक्रार नोंदवून घेतली. चादर वाळल्यावर चित्र आले. कंपनीकडून तक्रार सोडवली गेल्याचा संदेश वडिलांच्या फोनवर आला आणि सेवेला किती गुण द्याल असे त्यात विचारले होते. वडिलांनी पूर्ण गुण दिले.

दिवाळीपर्यंतचे दिवस असे गेले की वडील एक नंबरवर क्रिकेट पाहत आणि ते झोपले की आई दोन नंबरवर कन्नड मालिका पाही. पाणी कधी येणार हे बघायला वडीलही दोन नंबर लावत, पण कोणी खोलीत नसताना. मामा त्या काळात एकदा येऊन गेले. दोन नंबर वेळेवर लागला. त्यांनी चहा घेतला, चित्र स्वच्छ येतेय ना असे विचारले आणि वडिलांनी “लई स्वच्छ” असे उत्तर दिले.

पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत सर्व ठीक चालले होते.

वडिलांना वर्कशॉपमधल्या नोकरीने एक सवय लावली होती. गरज नसलेले बटण चालू दिसले की ते बंद केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. पाडव्याला दिव्यांची माळ लावायला ते जिन्यात गेले. फळीवर तीन बटणे होती. माळ, जिन्याचा दिवा आणि केबलची पेटी. त्यांनी माळ लावली. मग तिसऱ्या बटणाकडे पाहिले. त्यांनी नंतर मला सांगितले की त्यांच्या मनात एवढेच आले: आपण तर आता डिश बघतो, मग ही पेटी कोणासाठी जळतेय? त्यांनी बटण बंद केले, वर आले, एक नंबरवर सामना लावला आणि आवाज वाढवला.

पेटी गल्लीसाठी जळत होती. संपूर्ण गल्लीची केबल गेली.

आमच्याकडे केबल गेली की कोणी लगेच मामांना फोन करत नाही. आधी दारात किंवा गॅलरीत येऊन समोरच्याला विचारायचे, “तुमच्याकडं येतंय का?” समोरच्याकडेही येत नसेल तर माणूस समाधानाने आत जातो आणि वाट पाहतो. फक्त आपल्याकडेच येत नसेल तर मात्र तो चिडतो. गल्लीत या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याची पद्धत नाही.

आमच्या समोर एका तेलुगू विणकर कुटुंबातल्या आजी राहतात. त्या गॅलरीत आल्या.

“ओ अण्णा! तुमच्याकडं येतंय का?”

वडिलांचे लक्ष सामन्यात होते. “येतंय की!” ते ओरडले.

आजींनी शेजारी विचारले. तिथे येत नव्हते. त्याच्या शेजारीही येत नव्हते. गल्लीच्या दोन्ही टोकांना चौकशी झाली. कोणाकडेच येत नव्हते आणि आमच्या खिडकीतून मात्र सामन्याचा आवाज रस्त्यावर येत होता. काही मिनिटांत गल्लीने निष्कर्ष काढला की केबलवाल्याने बहिणीला वेगळी खास लाईन दिली आहे. आजींनी तो गॅलरीतून जाहीर केला. “दिवाळीला सगळ्यांची बंद, अक्काची चालू! आम्ही काय फुकट बघतो?” एकाच वेळी बऱ्याच जणांनी मामांना फोन केले.

मामांची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली तेव्हा रिमोट आईच्या हातात होता. तिने ठरल्याप्रमाणे दोन नंबर लावला. पडदा निळा झाला. तिला कारण कळले नाही.

मामा शिडी खांद्यावर घेऊन दारात आले. शर्ट नवीन होता.

“अक्का, तुमच्याकडं येतंय म्हणं?”

“न्हाय बा,” आई म्हणाली. “आमचंबी गेलंय. बघ की.”

“समोरच्या आजी म्हणाल्या, दाजी ‘येतंय’ म्हणाले.”

सर्वांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांनी पडद्याकडे पाहिले.

“मघाशी येत होतं,” ते म्हणाले. “आत्ता गेलं.”

मामा जिन्यात गेले, पेटीला हात लावून पाहिला, फळीकडे पाहिले आणि तिसरे बटण दाबले. गल्लीभर एकदम आवाज झाला. “आलं, आलं!”

“बटण कुणी बंद केलं?” त्यांनी खालूनच विचारले.

“माळ लावताना लागलं असंल चुकून,” वडील म्हणाले.

मामा म्हणाले, आलोच आहे तर गच्चीवरची वायर बघून जातो. आईने त्यांना आधी चहा घ्यायला सांगितले, मग फराळ, मग म्हणाली जिन्यात अंधार आहे. जिन्यात दिव्यांची माळ लागलेली होती. मामा वर गेले. मी बॅटरी घेऊन त्यांच्या मागे गेलो.

गच्चीवर त्यांनी वायर पाहिली. ती ठीक होती. मग त्यांना चादर दिसली.

“ही रात्रीची कशाला वाळत घातलीय? दव पडतंय,” ते म्हणाले आणि त्यांनी ती उचलली.

खाली डिश होती. तिच्यावर बॅटरीचा उजेड पडला. मी बॅटरी बाजूला केली नाही, कारण त्याने काही फरक पडणार नव्हता. मामा थोडा वेळ डिशकडे बघत राहिले. मग त्यांनी चादर पुन्हा होती तशी टाकली. काठ चारही बाजूंनी सारखे केले. खिशातून वायरीचा तुकडा काढला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चादर डिशच्या दांड्याला बांधली.

ते खाली आले. आईने चहा पुढे केला.

“नको अक्का, उशीर झालाय.”

त्यांनी आमच्याकडे चहा नाकारल्याची ती पहिली वेळ होती. मोटारसायकलचा आवाज गल्लीबाहेर गेला. आईने कप ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“बघितलं त्यानं?”

मी हो म्हणालो.

वडिलांनी स्वतःहूनच टीव्ही बंद केला. सामना अजून चालू होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मामा दरवर्षी जेवायच्या वेळी येत. आईने बासुंदी केली होती. पाट मांडला होता. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या होत्या. जेवायची वेळ झाली. मामा आले नाहीत. आईने आम्हाला वाढले आणि स्वतः जेवली नाही. वडिलांनी बासुंदी घेतली नाही. दुपारभर गल्लीत ज्या ज्या मोटारसायकली आल्या त्यांतली प्रत्येक गाडी त्यांनी खिडकीतून पाहिली.

“फोन कर की,” त्यांनी आईला सांगितले.

“भाऊबीजेला भावाला बोलवावं लागतं का?” आई म्हणाली.

ऊन कलायला लागले तशी आई उठली. तिने निरांजनात तूप घातले, ताट उचलले आणि ती जिन्याकडे निघाली. वडिलांनी तिला जाताना पाहिले. त्यांनी माझ्याकडे हात केला. “स्कूटर काढ.”

मामांच्या घरी आम्ही त्याआधी कधी गेलो नव्हतो. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत राहतात. पत्ता आम्हाला रस्त्यात तीनदा विचारावा लागला. वडील मागे बसून “सरळ, सरळ” म्हणत होते. त्यांना रस्ता माहीत नव्हता.

दार उघडे होते. मामी माहेरी भावाला ओवाळायला गेल्या होत्या. मामा एकटेच बसून सामना बघत होते. आम्हाला बघून ते इतक्या घाईने उठले की रिमोट खाली पडला. वडील आत आले, पण त्यांनी मामांकडे पाहिले नाही. ते टीव्हीकडे बघत राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खूण होती. तीच खूण आमच्या घरी एक नंबरवर दिसत असे.

“हे काय हाय?” वडिलांनी विचारले.

“बसा की दाजी.”

“हे काय हाय विचारतोय मी.”

“डिश हाय,” मामा म्हणाले.

“तुझ्या घरी?”

“दार लावा आधी.” मामांनी स्वतःच दार लोटले. “दाजी, हा एरिया दुसऱ्या केबलवाल्याचा हाय. माझी वायर हितवर आणली तर तो तोडतोय. त्याची घेतली तर धंद्यात तोंड दाखवायला जागा राहत न्हाय. मग काय करू? बायकोला मालिका लागतात. गल्लीत कुणाला बोलू नका.”

“मग काल माझी बघून गप का गेलास?”

“कुठल्या तोंडानं बोलू?”

वडील खुर्चीवर बसले. टीव्हीवर कोणीतरी बाद झाले. दोघांनीही मान वळवून पाहिले आणि पुन्हा एकमेकांकडे पाहिले.

“आणि आज का आला न्हाईस?”

“आलो असतो तर अक्काला वाटलं असतं, केबल तोडू नका म्हणून विनवायला आलाय. भाऊबीजेला बहिणीच्या दारात धंदा घेऊन जायचं का?”

“इतकी वर्षं काय घेऊन येत होतास?” वडील म्हणाले. “पावतीपुस्तकच की.”

मामांना हसू आले. त्यांनी ते तोंड फिरवून लपवले.

“ऊठ,” वडील म्हणाले. “ती ताट घेऊन गच्चीवर गेलीय.”

मामांनी टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि कुलूप लावले. परतीच्या वाटेवर वडील माझ्या मागे बसले नाहीत. ते मामांच्या मोटारसायकलवर बसले. त्यांचे दोघांचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. सिग्नलला मी शेजारी थांबलो तेव्हा वडील टेंपोविषयी बोलत होते.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आई गच्चीवर टाकीजवळ उभी होती. ताट कठड्यावर होते आणि निरांजन अजून लावलेले नव्हते. चंद्र पश्चिमेला घरांच्या अगदी वर, नखाएवढा दिसत होता. जिन्यातून आधी वडील वर आले, मग मामा.

आईने मामांकडे पाहिले. मग चंद्राकडे बोट केले.

“ह्याला कधीपासून थांबवून धरलंय,” ती म्हणाली. “ऊट आयता?”

“न्हाय अक्का.”

“बस मग. हितंच बस. खाली जाईपर्यंत लई उशीर होतोय.”

पाट खाली होता. आईने डिशच्या दांड्याला बांधलेली वायर सोडली, चादर ओढून काढली, झटकली, घडी घातली आणि जमिनीवर अंथरली. मामा त्या चादरीवर बसले. डोक्यावर त्यांनी रुमाल घेतला. त्यांच्या मागे डिश उघडी होती. समोरच्या आजी त्यांच्या गॅलरीतून हे सर्व पाहत होत्या.

“अण्णा, ती छत्री कुणाची?” त्यांनी विचारले.

“आमचीच,” वडील म्हणाले.

“मग केबल?”

“तीबी आमचीच.”

आईने निरांजन लावले आणि ओवाळले. मामांनी खिशातून नोट काढून ताटात ठेवली. वडिलांनी ती निरांजनाच्या उजेडात वाकून पाहिली.

“ही तरी तुझी हाय का?”

“तुमचीच असंल, दाजी,” मामा म्हणाले. “ह्याच गल्लीतली हाय.”

बासुंदी आम्ही चौघांनी खाल्ली. मामांनी चहाही घेतला.

चादर धुऊन कपाटात ठेवण्यात आली. जिन्यातल्या तिसऱ्या बटणावर वडिलांनी काळी पट्टी चिकटवली, ते पुन्हा कोणाला बंद करता येऊ नये म्हणून. टीव्हीला एक नंबरवर डिश आहे आणि दोन नंबरवर केबल. त्या महिन्याचे केबलचे पैसे घ्यायला मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले.